कुल्फीचा दगड का होतो? सुट्टीतल्या मुलांसोबत घरचं गारेगार

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही भुसावळला राहता, घरात ६ आणि १० वर्षांची दोन मुलं. सुट्टी लागल्यापासून दुपारी गाडीवाल्याची घंटा वाजली की दोघं उन्हात पळतात आणि दिवसाला पन्नास-साठ रुपये जातात. घरी दोनदा करून पाहिलं. लिंबू सरबत गोठवलं तर ते इतकं कडक झालं की मुलांनी वरची गोडी चोखून घेतली आणि हातात नुसता पांढरा बर्फ उरला. दुधाची कुल्फी केली तर तिच्यात सुयांसारखे बर्फाचे कण. फ्रीज सिंगल डोअर, लाईटचा भरवसा नाही. महागडी क्रीम आणावी का, की मुलांना हाताशी घेऊन स्वस्तात काही जमेल? आणि जाताजाता विचारलंत की मोठा म्हणतोय, गल्लीत विकू का.

मी जळगावात २२ वर्षं घरून कुल्फी करून देते. माहेर यावल तालुक्यातलं, म्हणजे केळीच्या बागांतलं. सुट्टीत आमच्या गल्लीतली दहा-बारा लेकरं ओट्यावर गोळा होतात, त्यांच्यासोबत दरवर्षी आठवडाभर हाच उद्योग चालतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमच्या दोन्ही फसलेल्या प्रयोगांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. तुम्ही साखर गोडीपुरती घातली. गारेगारमध्ये साखर मऊपणासाठी घालायची असते, गोडी तिच्याबरोबर आपोआप येते.

साधं पाणी शून्य अंशाला गोठतं आणि गोठलं की सगळंच्या सगळं दगड होतं. पाण्यात साखर विरघळलेली असली की आधी फक्त पाण्याचा बर्फ होतो आणि साखर उरलेल्या पाण्यात राहते. जसजसा बर्फ वाढतो तसतसा तो पाक घट्ट होत जातो, आणि घट्ट पाक सहजी गोठत नाही. बर्फाच्या कणांमध्ये अडकलेला हा न गोठलेला पाक म्हणजेच मऊपणा. साखर कमी असेल तर पाक कमी आणि बर्फ जास्त, दात लावला तर दातच हलायचा. साखर फार झाली तर रात्रभर ठेवूनही चिखल. तुमच्या मुलांनी चोखून घेतला तो हा पाकच, म्हणून खाली बेचव पांढरा बर्फ राहिला.

किती घालायची ते फ्रीजरवर ठरतं. फ्रीजरवर चांदण्यांची खूण असते: एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. सिंगल डोअरमधला वरचा छोटा कप्पा बहुतेक वेळा एक-दोन चांदण्यांचाच असतो, त्यात मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश. अशा कप्प्यासाठी तयार मिश्रणाच्या लिटरला १५० ते १७० ग्रॅम साखर बरोबर बसते. डीप फ्रीजर असेल तर १८० ते २०० लागते. वजनकाटा नसेल तर १५० मिलीची वाटी सपाट भरून घ्या, तीत साधारण १२५ ते १३० ग्रॅम साखर मावते. म्हणजे लिटरला एक वाटी भरून आणि वर पाव वाटी. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून गोठवण्याआधी चाखताना ‘अंमळ जास्तच झालं की’ असं वाटायला हवं. तेव्हा बरोबर वाटलं तर उद्या फिकं लागणार.

हे मी मुलांना तोंडाने सांगत नाही. पहिल्या दिवशी तीन सारख्या स्टीलच्या वाट्या घ्यायच्या, प्रत्येकीत १०० मिली उकळून गार केलेलं पाणी. एकीत काही नाही, दुसरीत दोन चहाचे चमचे साखर, तिसरीत चार. रात्री तिन्ही फ्रीजरमध्ये. सकाळी दहा वर्षांच्याने चमच्याच्या टोकाने तिन्ही खरवडायच्या आणि सहा वर्षांच्याने कोणती हरली ते सांगायचं. पहिली वाजते, दुसरी कुरकुरते, तिसरीत चमचा शिरतो. एकदा हे हाताने कळलं की साखर मोजायचं काम मुलं तुमच्या हातून हिसकावून घेतात, आणि मोजायला लागलेलं पोर ‘अजून घाल ना’ म्हणत नाही. आमच्या गल्लीत एक पाचवीतला मुलगा आता मलाच दटावतो.

स्वस्तात सगळ्यात आधी करायचं ते कैरीच्या पन्ह्याचं गारेगार. आपण त्याला पेप्सी म्हणतो, प्लास्टिकच्या नळीतली. अर्धा किलो कैऱ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडा. गार झाल्यावर साल काढणं आणि गर कुस्करणं हे धाकट्याचं काम, हात कोपरापर्यंत भरले तरी चालतील. गर गाळणीतून काढायचा, नाहीतर धागे नळीत अडकतात. त्यात सव्वा वाटी साखर, पाव चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड आणि उकळून गार केलेलं पाणी घालून सगळं मिळून एक लिटर करायचं. कैरी फार आंबट असेल तर साखर दीड वाटीपर्यंत न्या. ५० मिलीच्या वीस नळ्या भरतात. या मोसमात मला एक नळी दोन-अडीच रुपयांच्या वर पडलेली नाही, त्यातही पिशवीचाच खर्च बोचतो.

नळी भरताना वर दोन बोटं जागा सोडायची. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेली नळी रात्रीत फुटते आणि सकाळी फ्रीजर चिकट. नरसाळं धाकट्याने धरायचं, मोठ्याने पळीने ओतायचं, तुम्ही दोऱ्याने तोंड बांधायचं. मेणबत्तीवर पिशवी चिकटवायची जुनी रीत मुलांसमोर नको. पिशव्या घेताना खाण्यासाठीच्या आहेत असं विचारून घ्या. आणि खाताना तोंड दाताने फाडू देऊ नका, कात्रीने कापून कोपरे थोडे गोल करून द्या. पेप्सी खाऊन ओठाची कड कापलेली लेकरं मी दर उन्हाळ्यात बघते.

पिशवी नको असेल तर स्टीलचे छोटे पेले आणि लाकडी काड्या. प्लास्टिकच्या आईस्क्रीमच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे दुकानात आता लाकडीच मिळतात, आणि त्या धुऊन वाळवून पुन्हा वापरता येतात. काडी आधी खोचली तर आडवी होते. मिश्रण दीड-दोन तासांत कडेने धरायला लागलं की मग खोचायची, सरळ उभी राहते. काडीवरच्या या गोळ्याची मुलांना आवडणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९०५ साली फ्रँक एपर्सन नावाच्या ११ वर्षांच्या मुलाने सोड्याच्या पुडीचं सरबत ढवळायच्या काडीसकट रात्री थंडीत बाहेर विसरलं, सकाळी ते काडीवर गोठलेलं मिळालं, असं सांगतात. मोठा झाल्यावर त्याने त्याचं पेटंट घेतलं, ते १९२४ साली मिळालं. आपल्याकडे पोर काही विसरलं की पाठीत धपाटा मिळतो, पेटंट नाही.

टरबुजाचं याच मापाने होत नाही. त्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच, आणि अंगची साखर थोडी. नुसता रस गोठवला तर गुलाबी दगड. लिटरभर रसाला पाऊण वाटी साखर आणि एका लिंबाचा रस घाला. ही पेप्सी रंगामुळेच संपते, वेगळा रंग घालायची गरजच पडत नाही.

आता केळी. तुम्ही भुसावळला बसून महागडी क्रीम आणायचा विचार करताय हे वाचून मला हसू आलं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावल-चोपड्याचा सगळा पट्टा तुमच्या दारात आहे, आणि केळं म्हणजे निसर्गाने आधीच घोटून ठेवलेली क्रीम. हल्ली बागांत जास्त करून ग्रँड नैन जातीचं केळं दिसतं, जुनी माणसं अजून बसराई जातीची आठवण काढतात. आपल्याला चालतं कोणतंही, फक्त ते सालीवर काळे ठिपके पडलेलं, पूर्ण पिकलेलं हवं. संध्याकाळी हातगाडीवर राहिलेल्या मऊ फण्या माणूस अर्ध्या भावात देतो, कारण उन्हाळ्यात त्या उद्यापर्यंत टिकत नाहीत. तीच तुमची खरेदी.

सहा केळी सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करायच्या. पिकलेलं केळं बोथट सुरीनेही कापलं जातं, म्हणून हे काम सहा वर्षांच्या लेकराला बिनधास्त द्या. चकत्या ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरा आणि पाच-सहा तास गोठवा. सालीसकट केळं गोठवू नका, साल नंतर निघता निघत नाही. गोठलेल्या चकत्या बाहेर काढून पाच मिनिटं थांबायचं, मग तीन-चार चमचे गार दूध घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. आधी भुगा दिसतो, मुलं म्हणतात बिघडलं. कडेचं खाली ओढून पुन्हा फिरवलं की एकदम सगळं गोळा होऊन लोण्यासारखं चमकायला लागतं. केळ्यातला गर, पेक्टिन (फळातला चिकट अंश) आणि पिकल्यावर तयार झालेली साखर मिळून बर्फाचे कण मोठे होऊ देत नाहीत. वरून साखर अजिबात लागत नाही. कच्च्या केळ्यात तीच साखर पिठाच्या रूपात असते, म्हणून हिरवट केळ्याचं हे होत नाही, तुरट लगदा होतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एका वेळी तीन केळ्यांपेक्षा जास्त घालू नका, पातं अडकून मिक्सरची मोटर तापते. माझा एक मिक्सर असाच गेला, आणि तो माझ्या घाईमुळे गेला. आणि हे लगेच खायचं. पुन्हा गोठवलं तर कडक होतं, रंगही काळपट पडतो. अर्ध्या लिंबाचा रस घातला तर रंग टिकतो, पण मग दूध घालू नका, फाटेल. चमचाभर कोको किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घातलं की मोठी माणसंही वाटी पुढे करतात. शेंगदाण्याचं आमच्याकडे जास्त चालतं. ज्या घरात शेंगदाण्याशिवाय भाजी होत नाही तिथे कुल्फी तरी का व्हावी!

कुल्फीकडे वळते. हे काम तुमचं, मुलांचं नाही, कारण अर्धा-पाऊण तास गॅसजवळ उभं राहावं लागतं. कुल्फी घुसळत नाहीत, तिच्यात हवा नसते, त्यामुळे पाणी जितकं राहील तितके बर्फाचे कण. पाणी आटवून कमी करायचं, नाहीतर दुसऱ्या कशाने तरी बांधून ठेवायचं, हे दोनच मार्ग. तुमच्या कुल्फीतल्या सुया म्हणजे पातळ दुधातलं मोकळं पाणी.

आटवायची रीत: लिटरभर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर, कडेची साय सारखी आत खरवडत, ६०० मिलीवर आणायचं. सुरुवातीला पातेल्यात स्टीलची पट्टी उभी धरून दुधाची खूण करून घेतली की अंदाज लागतो. साखर शेवटी, पाऊण वाटीला थोडी कमी. आधी घातली तर दूध बुडाला लागतं. साठ मिलीच्या दहा कुल्फ्या होतात. मला दूध ८० रुपये लिटरने पडलं, तेव्हा गॅस धरून एक कुल्फी नऊ-दहा रुपयांना गेली. बाहेर याच आकाराची, याच दुधाची याहून बरीच महाग पडते. पण तुमच्या हिशेबात ही रोजची नाही, आठवड्यातून एकदाची.

बांधायची रीत रोजच्यासाठी. लिटरभर दूध १५ मिनिटं उकळा, दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर अर्ध्या वाटी गार दुधात कालवून लावा, तीन मोठे चमचे दूध पावडर, आणि कडा काढलेला ब्रेडचा एक तुकडा मिक्सरमधून काढून. ब्रेड ऐकून नाक मुरडू नका, कितीतरी हलवाई हेच करतात आणि कबूल करत नाहीत. यात साखर पाऊण वाटी भरून, वर दोन चमचे. चौदा-पंधरा कुल्फ्या होतात. उपवासाला कॉर्नफ्लोअर-ब्रेडऐवजी चमचाभर शिंगाड्याचं पीठ. गुळाची करायची असेल तर दूध पूर्ण गार झाल्यावरच गूळ घाला, गरम दुधात फाटतं. गुळाची कुल्फी साखरेपेक्षा मऊ राहते, कारण गुळात थोडी फुटलेली, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली, साखर असते आणि ती गोठायला जास्त अडवते. म्हणून गूळ घातलेल्या कुल्फीला दोन-तीन तास जास्त द्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, खापराच्या पोळ्यांबरोबर आमरसाचं पातेलं भरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तळाला उरलेला दोन वाट्या रस आणि आटवून पूर्ण गार केलेलं तितकंच दूध, एवढ्यावर वर्षातली सगळ्यात चांगली कुल्फी होते. आंबा आंबटसर असेल तर दुधात हळूहळू, ढवळत घाला आणि दोन्ही गार असू द्या. सातपुड्यातली चारोळी मिळाली तर चिमूटभर. महाग झाली आहे, पण चिमटीने काही बुडत नाही. सहाच्या खालच्या लेकरांना मात्र कुल्फीत अख्खे काजू-बदाम देऊ नका, पूड करून घाला. ठसका लागतो.

साचा म्हणून ॲल्युमिनियमचे कोन असतील तर उत्तम, नसतील तर स्टीलचे छोटे पेले, वर झाकण किंवा फॉइल. धातूत प्लास्टिकपेक्षा लवकर गोठतं आणि लवकर गोठलेल्याचे कण बारीक असतात. लिंबू, कैरी, चिंच मात्र ॲल्युमिनियमच्या साच्यात नको, आंबटाने धातू उतरतो. साच्यातून काढताना पाच सेकंद नळाच्या पाण्यात बुडवा आणि तळहातांत फिरवा. गोठलेल्या धातूला जीभ लावायची हौस प्रत्येक लेकराला एकदा येते. जीभ चिकटली तर ओढायचं नाही, कोमट पाणी ओतायचं, हे आधीच सांगून ठेवा.

आता तुमचा फ्रीज आणि लाईट. कप्प्यात बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरहून जाड असेल तर आधी तो वितळवून पुसून घ्या. तो थर गोधडीसारखा असतो, थंडी आतच अडवतो. मिश्रण खालच्या कप्प्यात दोन तास ठेवून गार करा, मगच वर. साचे फ्रीजरच्या धातूच्या तळाला टेकून ठेवा, तळावर आधी दोन चमचे पाणी शिंपडलं तर साचा चिकटून बसतो आणि थंडी लवकर लागते. भरायची वेळ रात्री नऊनंतरची, कारण मग सकाळपर्यंत दार उघडलं जात नाही. दिवसा भरलं तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘मनी कुल्फी व्हयनी का?’ (माझी कुल्फी झाली का?) म्हणून बघून जातं आणि ती कधीच होत नाही.

लाईट गेली की कुल्फी थोडी विरघळते, आली की पुन्हा गोठते, आणि दर वेळी बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. सुयांचं अर्धं कारण हेही असणार. यावर माझा उपाय: पाण्याच्या दोन जुन्या बाटल्या घ्या, प्रत्येक लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवा, वर चार बोटं जागा सोडून भरा आणि फ्रीजरमध्ये कायमच्या आडव्या टाका. साधं पाणी शून्याला वितळतं, तोवर कुल्फीचं पाणी होऊन गेलेलं असतं. मिठाचं हे पाणी उणे चारच्या आसपास वितळतं, त्यामुळे लाईट गेल्यावर तासभर तरी तेच कप्पा धरून ठेवतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘मीठ’ लिहा. आमच्याकडे एकाने पिऊन पाहिलं.

लाईट नसताना करायचा एक खेळही आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या उद्योगातला हाच खरा. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात एखाद दिवशी लाकडी बादलीचा आईस्क्रीमचा पॉट भाड्याने यायचा. बाप्ये त्याचा दांडा फिरवायचे आणि पॉट हलू नये म्हणून एखाद्या लेकराला गोणपाट टाकून त्यावर बसवायचे. बसणाऱ्याला पहिली वाटी. पॉट आता कुणाकडे नसतो, पण दोन डबे असतात. घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात अर्धा लिटर गार मिश्रण अर्ध्यापर्यंत भरा, दूध-साखर-व्हॅनिला किंवा आंब्याचं. तो मोठ्या डब्यात ठेवून भोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ, असे थर द्या. दोन किलो बर्फ पुरतो. मोठ्या डब्याला झाकण लावून टॉवेलात गुंडाळायचं आणि ओट्यावर दोन मुलांनी समोरासमोर बसून एकमेकांकडे लोळवत राहायचं. दर सात-आठ मिनिटांनी उघडून कडेला धरलेलं खरवडून मधे घ्यायचं. पंचवीस-तीस मिनिटांत चमच्याने खाण्याजोगं होतं.

यात गंमत अशी की मीठ बर्फाला वितळायला लावतं आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो भोवतालच्या सगळ्यातून, म्हणजे आतल्या दुधातूनही, ओढून घेतो. बर्फ-मिठाचं मिश्रण अगदी नेमक्या प्रमाणात उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं, घरच्या डब्यात उणे १० ते १५ धरून चाला. मटका कुल्फीवाल्याच्या लाल फडक्याखालच्या मडक्यात दुसरं काही नसतं. हे मिश्रण उघड्या हाताने धरू देऊ नका, काही मिनिटांत कातडी भाजल्यासारखी लाल होते. आणि आतल्या डब्याचं झाकण खरंच घट्ट आहे का ते आधी पाण्याने तपासा. एका वर्षी मी ते केलं नाही, बारा मुलांनी अर्धा तास घाम गाळला आणि आत निघालं खारट आईस्क्रीम. त्या दिवशीची तोंडं मला अजून दिसतात.

या खेळासाठी कारखान्याचा लादीबर्फ चालेल, पण तो बाहेरच्याच डब्यात. पोटात जायचा तो बर्फ घरच्या उकळलेल्या पाण्याचाच. खाण्याजोगा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर लादीचा गोळा कुणी किसून देत असेल तर मुलांना तिथून उठवा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. टायफॉईड-कावीळ पोटात नेते ती पाण्याची घाण. ‘गार खाल्लं म्हणून आजारी पडला’ हे आपण उगाच गारव्याच्या नावावर खपवतो. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, हात साबणाने धुतलेले, आणि चाखलेला चमचा पुन्हा मिश्रणात नाही, एवढे तीन नियम मी ओट्यावर खडूने लिहून ठेवते. दुधाचं आठवड्यात संपवा.

मोठ्याच्या विक्रीबद्दल. नेहमी विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, माझी आहे. दहा वर्षांच्या पोराने त्यात पडू नये. शेजारी वाटायचं असेल तर जरूर वाटू दे, आणि हिशेब मात्र लिहू दे: किती साखर, किती दूध, किती नळ्या, एक कितीला पडली. माझा नातू वहीत ‘आजीने खाल्ल्या: ३’ असंही लिहितो.

क्रम असा लावा. आज रात्री तीन वाट्या. उद्या पन्हं, परवा संध्याकाळी बाजारातून केळी, कुल्फी रविवारी. आणि ते कडक झालेलं लिंबू सरबत अजून फ्रीजरमध्ये असेल तर टाकू नका. पाणी उकळलेलं होतं ना? मग वितळवून लिटरला अर्धी वाटी साखर आणखी विरघळवा, चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा नळ्यांत भरा.